सैनिक केंद्राचा, संसार राज्याचा: सैनिक कुटुंबं आणि छावणीतल्या वस्त्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा फौजेत भरती झाला की घरच्यांना वाटतं, आता आपलं सगळं दिल्लीच्या हातात. पगार, बदली, बढती, पेन्शन यांच्याबाबतीत ते खरंही आहे. पण सातबारा, घरपट्टी, मुलांचे दाखले, बांधावरून झालेली भांडणं, गावचा रस्ता हे सगळं राज्याच्या कारभारात येतं. सैनिक कुटुंबांची निम्मी निवेदनं चुकीच्या टेबलावर जातात ती इथंच. पुढचे प्रश्न माजी सैनिकांच्या मेळाव्यांत, वीरपत्नींच्या बैठकांत आणि कॅन्टोन्मेंटच्या चौकांत पुन्हा पुन्हा निघतात. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत.

संरक्षण हा केंद्राचा विषय, मग राज्याकडे मागायचं तरी काय?

घटनेच्या सातव्या अनुसूचीत वाटणी स्पष्ट आहे. सैन्यदलं, छावण्यांची हद्द आणि छावणीतलं स्थानिक प्रशासन केंद्राकडे. जमीन, पोलीस, सार्वजनिक आरोग्य आणि बाकीच्या स्थानिक स्वराज्य संस्था राज्याकडे. शिक्षण दोघांकडे.

त्यामुळे निवेदन लिहिण्याआधी एवढंच विचारा: यावर सही कोण करणार? घरपट्टी माफी, राज्य सेवेतलं आरक्षण, कॉलेज प्रवेशातल्या जागा, सैनिकी वसतिगृहं, शहिदांच्या कुटुंबाला राज्याकडून मिळणारी सानुग्रह मदत यांवर मुंबईत सही होते. छावणीचा नागरी भाग वेगळा काढायचा असेल तर केंद्राची सही लागते, पण राज्याचं मत घेतल्याशिवाय ती होत नाही. वन रँक वन पेन्शनवर राज्य फक्त शिफारसपत्र पाठवू शकतं. कलेक्टर कचेरीसमोर पेन्शनवाढीच्या घोषणा दिल्या तर निवेदन स्वीकारलं जातं, फोटो निघतो आणि कागद 'योग्य कार्यवाहीसाठी' वर जातो. त्याच दिवशी त्याच कचेरीत पाणंद रस्त्याचं काम मार्गी लागू शकलं असतं.

राज्यात नेमकं कुणाकडे जायचं?

पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. त्याच्यावर पुण्यातला सैनिक कल्याण विभाग आणि त्याच्याही वर मंत्रालय. मंत्रिमंडळात माजी सैनिक कल्याण हे वेगळं खातंही आहे. या यंत्रणेचं मूळ १९१९ सालचं, पहिल्या महायुद्धानंतरचं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एकाच गावातून त्या युद्धात ४६ जण परतले नाहीत, एवढं सांगितलं की तेव्हा अशा मंडळाची गरज का वाटली हे कळतं. आज या कार्यालयांचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० असा वाटून घेतात. म्हणून तिथला अधिकारी दोन्हीकडचे अर्ज पुढे पाठवू शकतो.

एक गोष्ट फारशी कुणी वापरत नाही. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तहसीलदार, भूमी अभिलेख, जिल्हा परिषद यांच्याकडे अडकलेलं काम कल्याण अधिकाऱ्याच्या पत्रानं हललं नाही, तर ते मंडळाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. इतिवृत्तात नोंद झाली की पुढच्या बैठकीत त्याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागतं.

आमची नोंदणीच नाही. आधी काय करू?

आधी नोंदणीच करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, फोटो घेऊन जा आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र काढा. पती हयात नसतील तर पत्नीच्या नावे ओळखपत्र निघतं. राज्याच्या बहुतेक सवलतींसाठी याच कार्यालयाचा दाखला लागतो.

सगळ्यात जास्त कुटुंबं अडकतात ती नावात. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलायची पद्धत होती. त्यामुळे सर्व्हिस रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशन कार्डावर हाक मारायचं आणि जन्मतारीख तीन कागदांवर तीन. नोकरीत असताना हे सोपं असतं. युनिटमध्ये अर्ज द्यायचा, पार्ट टू ऑर्डर (बदल नोंदवणारा युनिटचा आदेश) निघते, रेकॉर्डला नोंद होते. निवृत्तीनंतर तेच काम प्रतिज्ञापत्र, पुरावे आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार असं लांबतं. आणि पती गेल्यावर ऐन दुःखात तिला स्वतःची ओळख सिद्ध करत बसावं लागतं. सुट्टीवर आलेल्या जवानाला जेवायच्या आधी हे विचारा: बायकोचं आणि मुलांचं नाव, जन्मतारीख रेकॉर्डला जशी आहे तशीच आधारवर आहे का?

घरपट्टी माफ आहे म्हणतात. ग्रामसेवक 'आमच्याकडे आदेश नाही' म्हणतो.

आदेश आहे. पूर्वी ही सवलत शौर्यपदकधारक आणि सैनिकांच्या विधवांपुरती होती. २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली ती सर्व माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना लागू झाली. सवलत राज्यातल्या एकाच घराला मिळते, तेही स्वतः राहत असाल तर. पाणीपट्टी वगैरे आपोआप माफ होते असं धरून चालू नका. जीआरची प्रत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार आलाच तर तोही लेखी मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बऱ्याच ठिकाणी आदेश सापडतो.

कॅन्टोन्मेंटमध्ये राहत असाल तर हा जीआर तिथं चालत नाही. तिथला कर कॅन्टोन्मेंट कायद्याखाली बोर्ड आकारतं.

राज्य सरकारी भरतीत १५ टक्के जागा आहेत, तरी आमची मुलं रिकाम्या हातानं का येतात?

'आमची मुलं' म्हणजे माजी सैनिक स्वतः, त्यांचे पाल्य नव्हेत. गोंधळ इथूनच सुरू होतो. गट क आणि गट ड मधलं हे आरक्षण समांतर आहे, म्हणजे उमेदवार ज्या सामाजिक प्रवर्गातला, त्याच प्रवर्गातल्या जागांत ते मोजलं जातं. पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते.

ओरड करण्याआधी आकडा मिळवा. भरती करणाऱ्या विभागाकडे माहिती अधिकारात विचारा: मागच्या तीन भरतींत माजी सैनिकांसाठी किती जागा होत्या, किती भरल्या, बाकीच्या कशामुळे गेल्या? कधी उत्तर 'अर्जच आले नाहीत' असं असतं, कधी 'टंकलेखन प्रमाणपत्र नाही' असं. दोन्हीवरचे उपाय अगदी वेगळे. पहिल्याला प्रसिद्धी लागते. दुसऱ्याला निवृत्तीच्या आधीच्या वर्षात तयारी लागते आणि प्रमाणपत्र मिळवायला वाढीव मुदत मागायची असेल तर सामान्य प्रशासन विभागाकडे नेमका प्रस्ताव लागतो.

अग्निवीरांचं काय?

हा येत्या काळातला सगळ्यात मोठा राज्यस्तरीय प्रश्न आहे, आणि त्यावर संघटनांमध्ये हवी तितकी चर्चा नाही. योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे घरी येणार. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर सांगितलेल्या १५ टक्के जागा, घरपट्टी, वसतिगृह यांतलं काहीच त्यांना आपसूक मिळत नाही.

सेवेत मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा आणि ४४ लाखांची सानुग्रह रक्कम अशी केंद्राची तरतूद आहे, पण नियमित जवानाच्या घरी येते तशी कुटुंब पेन्शन येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये मृत्यू आलेला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातला होता. महाराष्ट्रासाठी हा प्रश्न लांबचा नाही.

पेन्शन केंद्राच्या हातात आहे. पण राज्याच्या सेवाप्रवेश नियमांत, पोलीस आणि वनरक्षक भरतीत, वयाच्या सवलतीत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या कामाच्या कक्षेत अग्निवीर कुठं बसतो, हे राज्यानंच ठरवायचं आहे. मागणी तिथं करा.

जवान सीमेवर, गावात भावकीनं जमिनीचा दावा ठोकला. एकतर्फी निकाल लागेल का?

त्याला संरक्षण आहे, फक्त ते मागावं लागतं. इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट हा १९२५ चा कायदा आजही जिवंत आहे. युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवा करणाऱ्या सैनिकाला हजर राहता येत नसेल, तर कोर्टाला प्रकरण पुढे ढकलता येतं. जिल्हाधिकारी स्वतःहूनही तशी वस्तुस्थिती कोर्टाला कळवू शकतात. कमांडिंग ऑफिसरचं पत्र आणि कल्याण कार्यालयाची विनंती दोन्ही जोडली की काम लवकर होतं. वकिलाला हा कायदा माहीत नसेल तर दाखवा, लाजू नका. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केली. तिच्यात सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायदेशीर मदतीची सोय करायची आहे. तुमच्या जिल्ह्यात ती सुरू झाली का, हा मंडळाच्या बैठकीला विचारण्याजोगा चांगला प्रश्न.

भाडेकरू घर सोडत नसेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २३ वाचा. सैन्यदलातल्या घरमालकाला, आणि तो गेल्यास त्याच्या वारसाला, स्वतः राहण्यासाठी घर हवं असल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. नेहमीच्या दाव्याच्या लांबच लांब वाटेनं जायची गरज नाही.

बदल्यांमुळे मुलांच्या शिक्षणाची वाट लागते. राज्य काही करतं का?

थोडंफार. इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेशात संरक्षण दलातल्या पाल्यांसाठी ५ टक्के जागा असतात. डिफेन्स १ माजी सैनिकांचे पाल्य, डिफेन्स २ राज्याचे रहिवासी असलेल्या सेवेतल्यांचे, डिफेन्स ३ बाहेरच्या राज्यांतून इथं बदलून आलेल्यांचे. प्रमाणपत्राचा नमुना गट पाहून ठरतो आणि चुकीचा नमुना जोडल्यामुळे जागा गेलेली मुलं दर वर्षी भेटतात. बापाची पोस्टिंग पठाणकोटला म्हणून दहावी तिथून झालेल्या मुलीनं 'महाराष्ट्राची उमेदवार' ठरण्यासाठी कोणता प्रकार निवडायचा, हेही फॉर्म भरण्याआधी बघा, नंतर नाही.

शाळेच्या पातळीवर मात्र आपल्याकडे फारसं काही नाही. अमेरिकेत २००८ पासून राज्यांनी आपसात करार केला आहे आणि सगळी ५० राज्यं त्यात आहेत. बदलून आलेल्या सैनिकाच्या मुलाला दाखला हातात नसला तरी प्रवेश द्यायचा, एकच विषय पुन्हा शिकायला लावायचा नाही, वडील मोहिमेवरून परत आले तर सुट्टी द्यायची, अशा साध्या गोष्टी त्यात लिहून ठेवल्या आहेत. पुणे, देवळाली, कामठी, अहिल्यानगर इथं सतत बदल्या होतात. निदान या चार ठिकाणच्या शाळांसाठी शिक्षण विभागानं असं परिपत्रक काढावं, ही मागणी फुकटातली आहे. तिजोरीवर एका रुपयाचा बोजा पडत नाही. तरी ती कुणी केल्याचं फारसं ऐकू येत नाही, कारण आपण मागणी म्हटलं की अनुदानच मागतो.

आम्ही कॅन्टोन्मेंटच्या नागरी भागात राहतो. आमचा नगरसेवक कोण?

सध्या कुणीच नाही म्हटलं तरी चालेल. महाराष्ट्रात सात कॅन्टोन्मेंट आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. बोर्डाच्या निवडणुका शेवटच्या झाल्या २०१५ मध्ये. मुदत वाढवून २०२१ पर्यंत रेटली, नंतर नेमणुकीवर कारभार आला. ३० एप्रिल २०२३ ला मतदान ठरलं होतं, तेही महिनाभर आधी रद्द झालं. म्हणजे गटाराचं झाकण तुटलं तर तक्रार करायला निवडून दिलेला माणूस नाही.

आमदार मात्र आहे. पुणे कॅन्टोन्मेंट, देवळाली, कामठी ही तर विधानसभा मतदारसंघांचीच नावं आहेत. राज्याचं दार वाजवायला तेवढं पुरेसं आहे.

नागरी भाग महापालिकेत गेला की सगळं सुटेल ना?

काही सुटेल, काही नव्यानं अडकेल. छावण्यांचे नागरी भाग वेगळे काढायला केंद्रानं २०२३ मध्ये हिमाचलमधल्या योल छावणीपासून सुरुवात केली. २०२४ च्या रूपरेषेनुसार पाणी, रस्ते, शाळा अशा नागरी सुविधांच्या मालमत्ता विनामूल्य राज्याकडे द्यायच्या आहेत. कॅन्टोन्मेंट कायदा, २००६ च्या कलम ४ नुसार हद्द बदलताना राज्याशी सल्लामसलत करावीच लागते. तुमचं म्हणणं घुसवायची फट तीच.

पण 'विलीन करा' एवढंच लिहून पाठवू नका. देवळालीकरांनी नाशिक महापालिकेत जायला विरोध करून स्वतंत्र नगरपरिषद मागितली, ती उगाच नाही. छोट्या गावाचा पैसा मोठ्या शहरात कुठं जातो ते त्यांनी पाहिलं आहे. अहिल्यानगर छावणीतल्या भिंगारकरांची गणितं वेगळी, खडकीची त्याहून वेगळी. निवेदनात हे प्रश्न हवेतच: ओल्ड ग्रँटच्या (जमीन सरकारची, बांधकाम खासगी अशा जुन्या) बंगल्यांचा जमीनहक्क कुणाकडे राहणार, बोर्डाचे कर्मचारी आणि त्यांच्या पेन्शनी कोण घेणार, घरपट्टी किती वर्षांत महापालिकेच्या दराला पोचणार, बोर्डाचा दवाखाना चालू राहणार का?

विलीनीकरण होईपर्यंतचा पैशाचा मुद्दाही सोडू नका. जीएसटी आल्यावर महापालिकांना राज्यानं भरपाईची सोय कायद्यानं केली. कॅन्टोन्मेंटचे दुकानदारही तोच जीएसटी भरतात, पण बोर्डांची हिश्शाची मागणी भिजत पडली. ही मागणी संरक्षण मंत्रालयाकडे करून उपयोग नाही. ती मुंबईतल्या वित्त विभागाची आहे.

लष्कराच्या भिंतीलगत आमची सोसायटी आहे. पुनर्विकास अडला आहे.

कांदिवली-मालाडच्या सीओडीभोवती (लष्कराचा केंद्रीय ऑर्डनन्स डेपो), पुण्यात लोहगावकडे हीच रड आहे. लष्करी ठाण्यांलगतच्या बांधकामांवर बंधनं घालणारा मूळ कायदा, वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्ट, १९०३ चा. मुंबईतल्या आदर्श सोसायटीचं प्रकरण गाजल्यावर २०११ मध्ये केंद्रानं ना-हरकतीचे नियम कडक केले, २०१६ मध्ये बऱ्याच ठाण्यांसाठी अंतर कमी केलं. आधी स्थानिक लष्करी प्राधिकाऱ्याकडून हे लेखी घ्या की तुमचं ठाणं कोणत्या यादीत येतं. नंतर नगररचना विभागाला विचारा की ते कोणतं परिपत्रक लावत आहेत. दोन कार्यालयं दोन वेगवेगळी परिपत्रकं हातात धरून बसली आहेत, असं आढळलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

सरावक्षेत्रासाठी जमीन जाणार अशी कुजबुज आहे.

अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राच्या भोवतालच्या पारनेर, राहुरी, नगर तालुक्यांतली गावं ही कुजबुज पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली आहेत. २०२० मध्ये प्रकरण थेट संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेलं होतं. कुजबुजीवर मोर्चा काढू नका. अधिसूचना निघाली आहे का, तिची प्रत तहसीलमधून घ्या. सातबाऱ्याच्या इतर हक्कात काही शेरा पडला आहे का, ते पाहा. ग्रामसभेचा ठराव करा आणि त्यात बागायत क्षेत्र, विहिरी, घरं यांचे आकडे घाला. लष्कराच्या विरोधात बोलतो असं कुणी म्हणेल म्हणून गप्प बसायचं कारण नाही. या गावांनी पोरंही फौजेत दिली आहेत.

दारूगोळा कारखान्यांच्या गावांचा यात काय संबंध?

वरणगाव, भुसावळ, भद्रावती, जवाहरनगर, अंबरनाथ, खडकी, देहूरोड, शिवाय पुलगावचा डेपो. १ ऑक्टोबर २०२१ पासून कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात आणि यंत्र इंडियाचं नागपुरात. कामगारांच्या सेवाशर्ती केंद्राकडेच आहेत. पण मे २०१६ मधली पुलगावची आग आणि जानेवारी २०२५ मधला जवाहरनगरचा स्फोट पाहिल्यावर जवळच्या सरकारी रुग्णालयात भाजलेल्यांसाठी कक्ष आहे का, गावकऱ्यांना सूचना द्यायची व्यवस्था आहे का, हे विचारायलाच हवं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच. आराखडा मागून घ्या.

आमदाराला सांगितलं, 'बघतो' म्हणाले. पुढे?

'बघतो' याला सभागृहात किंमत नाही. त्यांना मसुदा तयार करून द्या. माहिती हवी असेल तर तारांकित प्रश्न, तातडीचं असेल तर लक्षवेधी, जुना रखडलेला विषय असेल तर विनंती अर्ज समिती. अधिवेशन सुरू झाल्यावर धावू नका, प्रश्न त्याच्या बरेच आधी द्यावे लागतात. नागपूरचं हिवाळी अधिवेशन विदर्भातल्या संघटनांना सोयीचं.

त्याखेरीज दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतो, तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी. अर्ज आधी द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट प्रकरण घेत नाहीत. एका अर्जात एकच विषय. सात मागण्यांचं निवेदन सात विभागांत फिरतं आणि कुठंच मुक्काम करत नाही.

सेवेतला जवान आंदोलनात येऊ शकतो का?

नाही. आर्मी ॲक्टच्या कलम २१ खाली संघटना, राजकीय सभा आणि वर्तमानपत्रांत लिहिणं यांवर बंधनं आहेत. व्हिडिओ करून टाकणं तर अजिबात नको, त्याच्या नोकरीवर बेतेल. त्याची स्वतःची तक्रार त्यानं युनिटमधल्या वाटेनंच न्यावी. आई, वडील, पत्नी आणि निवृत्त मंडळी यांना ही आडकाठी नाही.

जवानाचं मत गावातच राहतं का?

हो. सेवा मतदार म्हणून तो मूळ गावच्या यादीत राहतो. फॉर्म युनिटमधून भरायचा. सोबत राहणाऱ्या पत्नीचं नावही त्यात येतं आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर महिला अधिकाऱ्याच्या पतीचंही. मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं युनिटला जाते, टपालानं परत येते. सैनिक टाकळीसारख्या गावात ही मतं निकाल फिरवू शकतात, हे उमेदवारांना कुणीतरी सांगायला हवं.

निवृत्तीनंतर बेळगावात स्थायिक झालो. महाराष्ट्राच्या सवलती मिळतील?

राज्याच्या सवलती अधिवासावर आणि नोंदणी कुठल्या जिल्ह्यात आहे यावर ठरतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे तिथं राहिलेली मराठी कुटुंबं कर्नाटकच्या सैनिक कल्याण कार्यालयाकडे जातात, गोव्यातली गोव्याच्या. केंद्रीय सैनिक मंडळाची मदत कुठंही राहिलात तरी तीच: हवालदार आणि त्याखालच्यांच्या दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी, मुलीच्या लग्नासाठी, आणि पेन्शन नसलेल्या वृद्ध माजी सैनिकासाठी. नोव्हेंबर २०२५ पासून या तिन्ही रकमा दुप्पट झाल्या आहेत. शिक्षणाला दरमहा दर मुलामागे २,०००, लग्नाला १ लाख आणि वृद्धांना दरमहा ८,०००. घर बदललं असेल तर जुन्या जिल्ह्यातून नोंदणी हलवून घ्या आणि मगच अर्ज भरा.